तिसऱ्या गाण्यातली खुळखुळ

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही अशा सर्व सज्जनांनाही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की चाकणच्या आमच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये, कॅन्टीनच्या भिंतीला लागून, आज सकाळी पांढरी गाडी येऊन उभी राहिलेली आहे. कानांचा हंगाम सुरू झाला आहे. कामगार बंधू-भगिनींनी घाबरून जाऊ नये. घाबरण्याचं काम मी एकट्याने अंगावर घेतलं आहे आणि ते मी चोख पार पाडतो आहे.

फेब्रुवारी आला की या पट्ट्यात प्रत्येकाची आपापली खूण असते. चाकणच्या बाजाराबाहेर कांद्याच्या ट्रकांची रांग लागते आणि वाऱ्यावर उडणारी लालसर सालं आमच्या कंपनीच्या बसमध्ये शिरून मांडीवर येऊन बसतात. ताथवड्याच्या कॉलेजांमध्ये गॅदरिंगचे स्पीकर चढतात. पहाटेचा स्वेटर दुपारी ओझं होतो. माझी खूण म्हणजे ही गाडी. वार्षिक वैद्यकीय तपासणीला दोन गाड्या येतात. एकीत रक्त, डोळे, छातीचा फोटो. दुसरीत, या पांढरीत, फक्त कान. आत कपाटाएवढी खोली, भिंतींना जाड स्पंज, एक खुर्ची, डोक्याला लावायचा हेडफोन आणि मुठीत धरायचं एक बटण. कानात बारीक सूर वाजतो. तो ऐकू आला की बटण दाबायचं. संपलं. बाकीचे लोक साखरेला आणि रक्तदाबाला घाबरतात. कानाच्या गाडीत जांभई देत चढतात आणि तीच जांभई पूर्ण करत उतरतात. माझे मात्र गाडी नुसती दिसली की तळहात ओले होतात.

आणि तळहात ओले झाले की मला ती बाई आठवते. पिवळ्या झग्यातली.

पण आधी मी कोण ते सांगायला हवं, त्याशिवाय माझ्या भीतीची थोरवी तुमच्या ध्यानात यायची नाही. गाडीचा गिअरबॉक्स जोडून झाला की तो बाहेर पाठवण्याआधी एका बंद खोलीत फिरवून ऐकतात. पहिला गिअर, दुसरा, तिसरा, असं करत रिव्हर्सपर्यंत. आतल्या एखाद्या दाताला केसाएवढा ओरखडा गेला असेल तर फिरताना त्यातून एक टिक येते. इतकी बारीक, की आपल्याला भास झाला असंच वाटावं. संशय आला की स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि श्वास रोखायचा. चांगला असेल तर हिरव्या मार्करचा ठिपका. नसेल तर लाल. हे काम मी एकोणीस वर्षं केलं. मध्यंतरी सेन्सर आले, पडद्यावर लाटा दिसायला लागल्या; पण लाटा आणि माणूस यांचं पटलं नाही की सुपरवायझर म्हणायचे, "कानाला विचारा." कान म्हणजे मी. माझं खरं नाव गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं, आणि तिथेच राहिलं. अख्ख्या कंपनीत मी कानराव.

हे नाव मला शेळक्यांनी दिलं. शेळके म्हणजे दुसऱ्या शिफ्टला माझ्याच खुर्चीवर बसणारा माणूस. चाकणच्या जुन्या घरातले. कंपनीची जागा एकेकाळी त्यांच्याच घराण्याची. माझ्याकडून स्क्रूड्रायव्हर हातात घेताना ते रोज न चुकता सांगायचे, "कानराव, ध्यानात ठेवा, आमच्या हरभऱ्यात बसलाय तुमी."

तर त्या वर्षीची गोष्ट. चार वर्षं झाली.

माझी मुलगी प्रज्ञा तेव्हा ताथवड्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. गॅदरिंगमध्ये तिचा आठ मुलींचा नाच होता आणि नाच बसवणारी होती तिच्या वर्गातली ब्लेसिंग. ही पोरगी लेगॉसहून आमच्या ताथवड्यात शिकायला आलेली. शालनने, म्हणजे माझ्या बायकोने, तिला पहिल्याच दिवशी मिरचीचा ठेचा वाढला. तिने तो शांतपणे खाल्ला आणि विचारलं, "आंटी, तिखट वाला नहीं है क्या?" त्या दिवसापासून शालन तिची झाली. तर या ब्लेसिंगने आमच्या घरात एक अल्बम आणला. तिच्या देशातल्या गायिकेचा, नुकताच आलेला, अकरा गाण्यांचा. फोनवर त्याचं चित्र दिसायचं. पिवळ्या झग्यातली एक धिप्पाड बाई रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली आहे आणि आपल्याकडे अशी बघते आहे, की आपण तासभर उशिरा आलो आहोत आणि कारणही बरोबर आणलेलं नाही.

या संगीताला आफ्रोबीट्स म्हणतात, असं मला सांगण्यात आलं. मी सुरुवातीला बापाला शोभेल असा निषेध नोंदवला. दोन्ही हात वर करून हॉलच्या मधोमध उभा राहिलो आणि म्हणालो, "दिवसभर मी यंत्रं ऐकायची आणि घरी आल्यावरही धाडधाड?" प्रज्ञा म्हणाली, "पप्पा, दोन गाणी ऐका, मग नाटक करा." मी बसलो. आणि अहो, काय सांगू. मी सुरांचा माणूस नाही, मी फिरणाऱ्या वस्तूंचा माणूस आहे. आणि ही गाणी फिरत होती! खाली एक जाड, गोल ठोका, पोटात वाजणारा. त्यावर एक ढोल काहीतरी विचारतोय, दुसरा उत्तर देतोय. मधे गिटारची एक तार पाय न टेकवता चालल्यासारखी. एवढी सगळी चाकं एकमेकांत अडकून फिरताहेत आणि कुठे म्हणून घासत नाहीत. आणि या सगळ्याच्या वर ती बाई. जाड आवाज, तळातून काढलेला, आणि कसलीही घाई नाही. ठोका पुढे निघून जायचा, ही मागून सावकाश यायची आणि नेमकी वेळेवर पोचायची. मी मनातल्या मनात त्या अल्बमवर हिरवा ठिपका ठेवला.

मग तो माझ्याबरोबर बसमध्ये यायला लागला. पहाटे चिंचवडहून निघताना पहिलं गाणं लावायचं. रस्ता मोकळा मिळाला तर अकरावं गाणं कंपनीच्या फाटकात संपायचं. कोंडी झाली तर बाई मोशीतच गाऊन मोकळी व्हायची आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. शब्द एक कळत नव्हता. पाचवं गाणं इतकं कळवळून म्हटलेलं, की माझी खात्री झाली, हे दूर देशी गेलेल्या लेकराला हाक मारणं आहे. दोन दिवस मी त्या गाण्याला खिडकीकडे तोंड करून बसायचो, शेजारच्याला डोळे दिसू नयेत म्हणून. शेवटी ब्लेसिंगला अर्थ विचारला. ती म्हणाली, "अंकल, वो बोल रही है कि तेरा फोन हमेशा बिझी क्यों आता है."

आता इथून पुढे जरा सावकाश सांगतो. घाई केली तर मी मधला भाग गाळीन, अशी मला माझीच भीती आहे.

एका रविवारी दुपारी प्रज्ञा गॅलरीत नाचाचा सराव करत होती. शालन आत भांडी लावत होती. मी भिंतीला टेकून प्रेक्षक. "पप्पा," ती म्हणाली, "तिसऱ्या गाण्याची सुरुवात ऐकलीत? सगळ्यात भारी तीच आहे. आम्ही तिथूनच एंट्री घेतोय." तिने फोन स्पीकरला जोडला, बोटाने दाबलं आणि स्पीकर माझ्यासमोर धरला. मी मान तिरकी करून बसलो. तज्ज्ञाची मान. एकोणीस वर्षं कमावलेली. समोरच्या इमारतीवर कोणीतरी गादी झटकत होतं, तिची धप ऐकू आली. खाली टेम्पोचा दरवाजा आपटला. मी वाट बघितली. प्रज्ञा माझ्याकडे हसऱ्या, आशेने भरलेल्या तोंडाने बघत होती.

"चालू कर की," मी म्हणालो.

तिचं हसू तसंच राहिलं. डोळे तेवढे बदलले. "पप्पा," ती हळू म्हणाली, "चालूच आहे."

आणि तेवढ्यात धाड करून ढोल सुरू झाले, बाई आली, गिटार आली, सगळं आलं. पण त्याआधी जे वाजत होतं ते माझ्यापर्यंत आलंच नव्हतं. प्रज्ञाने मला नंतर सांगितलं, ते एक वाद्य असतं. भोपळ्यावर मण्यांची जाळी गुंफलेली असते आणि तो भोपळा हलवायचा. त्याची खुळखुळ. गाणं सुरू होताना ती एकटीच वाजते आणि मग शेवटपर्यंत सगळ्यांच्या वर राहते. तिसऱ्यातच नव्हे, बहुतेक सगळ्याच गाण्यांत आहे. म्हणजे महिनाभर मी ज्या अल्बमच्या प्रेमात होतो, त्याचं छप्पर मी पाहिलेलंच नव्हतं.

गिअरबॉक्समधली ती टिकही वरच्या सुरातच असते. हे प्रज्ञाला माहीत नव्हतं. मला होतं.

भीती म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. भीतीला रूप-रंग नसतो, तिला फक्त काम असतं. ती मला सतत काहीतरी मोजायला लावायची. सकाळी उठल्याबरोबर आवाजांची हजेरी. कुकरची शिट्टी: हजर. शेजारच्यांची बेल: हजर. गॅलरीतल्या नळीचं थेंबथेंब: गैरहजर, पण नळी खरंच गळतेय का, हे बघायला मी ओणवा होऊन बोट लावायचो, बोट ओलं निघायचं. बसमध्ये मी इअरफोन डाव्याचा उजव्या आणि उजव्याचा डाव्या कानात घालायचो आणि तिसऱ्या गाण्याची सुरुवात पुन्हा पुन्हा लावायचो. दोन्हीकडे कापूस. नाशिक फाट्याच्या सिग्नलला बस थांबली की खिडकी उघडून बाजूच्या गाड्या ऐकायचो. यातल्या कुठल्या गाडीच्या पोटात माझा हिरवा ठिपका आहे? कुठल्या ठिपक्याखाली टिक आहे? गाड्या हिरव्यावर निघून जायच्या आणि मला वाटायचं, सगळ्या मला काहीतरी सांगून जाताहेत आणि मी मान हलवतोय.

कारण मान हलवण्यात मी तरबेज झालो होतो. आता मागे वळून बघतो तेव्हा हसू येतं, पण वर्ष-दोन वर्षं तरी मी लोकांच्या ओठांकडे बघून संसार करत होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

प्रज्ञा दुसऱ्या दिवशी म्हणाली, "डॉक्टरकडे जाऊ या."

"मेडिकल होऊ दे. गाडी येईलच दहा-पंधरा दिवसांत."

"मग त्याच्या आधीच जाऊ या ना."

"प्रज्ञा," मी नाटकी आवाज काढला, "ज्या माणसाचं नाव कान आहे, त्याने कानाच्या डॉक्टरच्या बाहेर बाकड्यावर बसायचं? कोणी बघितलं तर?"

ती हसली नाही. माझ्या शेजारी बसली, तिसरं गाणं लावलं आणि माझा हात उलटा करून स्वतःच्या मांडीवर ठेवला. "कुठे येते ते मी दाखवते," म्हणाली. आणि त्या हातावर बोटांनी ती खुळखुळ वाजवायला लागली. दोन हलक्या, एक जोरात, एक गाळलेली. पुन्हा दोन हलक्या. मी तिच्या बोटांकडे बघत होतो. ढोल आले तरी ती थांबली नाही. पूर्ण गाणंभर माझ्या हातावर वाजवत राहिली. लहानपणी मी तिला असंच हातावर चिऊकाऊचा घास करून दाखवायचो, ते मला आठवलं, आणि मी ते मनातून हाकलून दिलं. हंगाम भीतीचा होता, तिथे रडायला वेळ नव्हता. रोज संध्याकाळी ती हे करायची. आठवड्याभरात मला ती खुळखुळ पाठ झाली. ऐकू येत नव्हती, पण कुठे आहे हे चामडीला कळत होतं.

आणि इथे, मायबाप वाचकहो, मला ती दुर्बुद्धी झाली.

शेळक्यांना मी सांगितलं नव्हतं. पण शेळके दहा वर्षं माझ्यानंतर त्याच खुर्चीवर बसलेला माणूस. एके दुपारी शिफ्ट बदलताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "काल तुमचा हिरवा ठिपका असलेला एक मी परत फिरवून बघितला," ते म्हणाले. "टिक हाय त्याला."

"शक्य नाही."

"व्हय की. स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलाय. मी लाल केला अन् गप बसलो." मग जरा थांबून, खोलीच्या काचेकडे बघत: "मेडिकलचं टेन्शन घिऊ नका. सोपं हाय ते. गाडीतली पोरगी ठरल्या ठेक्यात सूर सोडती. आपण आपलं मनात मोजायचं अन् दाबायचं बटण. कॅन्टीनमधले निम्मे असंच करत्यात."

माणूस माझ्या भल्याचंच बोलत होता. पण माझ्या डोक्यात लगेच दुसरंच चक्र फिरायला लागलं. मनात मोजायचं? मला मोजायची गरज काय? माझ्याकडे एक अख्खं गाणं होतं! न ऐकू येणारी गोष्ट कधी येते, हे तर मी आठवडाभर शिकत होतो. पोरीने बापाला जे हातावर दिलं होतं, ते मी परीक्षेत कॉपीसारखं वापरायचं ठरवलं. आणि याचा मला आनंद झाला, हे सांगताना आज लाज वाटते. बसमध्ये मी बोटाने मांडीवर सराव करायला लागलो. शेजारचा म्हणाला, "काय कानराव, ड्रायव्हरला मोर्स कोड पाठवताय काय?"

सराव चालू होता आणि कामही चालू होतं, हा या गोष्टीतला सगळ्यात काळा भाग. ते दहा दिवस मी त्या खोलीत बसून हिरवे ठिपके देत राहिलो. दर वेळी मार्कर टेकवताना हात थांबायचा. कधी उगाच लाल द्यायचो, सुरक्षित म्हणून. मग चांगल्या गिअरबॉक्सला लाल दिला म्हणून पुन्हा तो उघडताना बघवायचं नाही. त्या खोलीला बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून जाड दार आहे. पूर्वी ते बंद झालं की मला राज्यावर बसल्यासारखं वाटायचं. त्या दिवसांत ते बंद झालं की खरंच बंद झालं की नाही हेही मी हात लावून बघायचो.

मग गाडी आली.

गाडीत काय झालं ते जरा बाजूला ठेवतो. नंतरचं आधी सांगतो, कारण नंतरचं सांगायला सोपं आहे. मी गाडीतून उतरलो तेव्हा माझ्या हातात एक कागद होता आणि त्यावर माझ्या कानांचा आलेख. डावीकडे, जाड सुरांपाशी, बरा चाललेला, आणि मग बारीक सुरांकडे खंडाळ्याहून खोपोलीला उतरावा तसा घाट. दोन्ही कानांचा. मी तो घडी न घालता तसाच सुपरवायझरच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि म्हणालो, "साहेब, माझे गेल्या दहा दिवसांतले जेवढे यार्डात उभे आहेत, तेवढे अडवा."

शेळक्यांनी ते सगळे पुन्हा ऐकले. त्यांची शिफ्ट संपली तरी ते उठले नाहीत. त्यात दोन निघाले. शेळके लाल मार्कर काढायला लागले, तर मी म्हणालो, आधी माझा हिरवा मी पुसतो. थिनरचं फडकं घेतलं आणि ते दोन ठिपके मी माझ्या हाताने पुसले. हिरवा रंग बोटांना लागला. घरी येऊन भात कालवला तरी तो तिथेच होता. शालनने बघितलं आणि काही म्हणाली नाही. किंवा म्हणाली असेल.

खुर्ची गेली. नोकरी राहिली. आता मी नव्या पोरापोरींना ऐकायला शिकवतो. काय करणार, खराब गिअरबॉक्स कसा वाजतो हे जेवढं मला आठवतं तेवढं कंपनीत दुसऱ्या कोणाला आठवत नाही. मी त्यांना तोंडाने करून दाखवतो. घासणारा बेअरिंग, रडणारा चौथा गिअर, दाताचा ओरखडा. गाल फुगवतो, डोळे फिरवतो, टेबलावर नखाने टिक काढतो. पोरं हसतात, वहीत लिहून घेतात, आणि खुर्चीवर बसली की ओळखतात. शेळके दारातून बघतात आणि म्हणतात, "हरभऱ्यात आता तमाशा उभा केलाय ह्या बाबानं."

कानांना यंत्रं लागली. प्रज्ञा बरोबर आली होती. डॉक्टरांनी ती बसवली आणि पहिल्यांदा मला माझ्याच शर्टाचा आवाज आला. घरी आलो, तर पहिला शोध असा लागला की शालन स्वयंपाकघरात सतत पुटपुटत असते आणि त्यातलं निम्मं माझ्याबद्दल असतं. मी दारात उभा राहून म्हणालो, "हे रोज बोलतेस?" ती दचकली. म्हणाली, "अगं बाई. मला वाटत होतं तुम्ही ऐकून घेता!"

आणि मग तिसरं गाणं. प्रज्ञाने लावलं आणि या वेळी माझ्याकडे बघितलं नाही, मुद्दाम पाठ करून उभी राहिली. आली. वाळूसारखी, उन्हात वाळत घातलेल्या तुरीच्या शेंगांसारखी. दोन हलक्या, एक जोरात, एक गाळलेली. अगदी तिच्या बोटांसारखी. मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते याचं, की ओळखीची वाटली. मग ढोल आले, ती बाई आली, तिच्या नेहमीच्या सावकाशीने. जणू तिला ठाऊकच होतं की हा माणूस उशिरा येणार आहे आणि कारणही आणणार नाही.

इथे गोष्ट संपवली असती तर बरं दिसलं असतं. पण आज सकाळी गाडी पुन्हा आली आहे आणि माझे तळहात ओले आहेत. तपासणीला यंत्रं काढून ठेवावी लागतात. दर वर्षी तो घाट थोडा आणखी अलीकडून सुरू होतो. मागच्या वर्षी लोणावळ्यापासून, यंदा कदाचित कामशेतपासून. डॉक्टर म्हणतात, वय आहे, चालायचंच. मी मान हलवतो. पण मला खरी भीती वेगळीच वाटते, आणि ती मी अजून कोणाला सांगितलेली नाही. पोरांना मी नखाने जी टिक काढून दाखवतो, ती तीच आहे का? की दर वर्षी मी आठवणीतून काढत काढत ती बदलत चाललोय, आणि एक दिवस वीस पोरं मिळून अशी टिक शोधत बसतील जी फक्त माझ्या डोक्यात आहे? म्हणून दर महिन्याला मी शेळक्यांना खोलीत बोलावतो, एक लाल ठिपक्याचा नमुना फिरवतो आणि टेबलावर नख वाजवतो. शेळके डोळे मिटून दोन्ही ऐकतात. "तीच हाय," म्हणतात. शेळके पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत.

प्रज्ञा आता हिंजवडीत नोकरी करते. दर फेब्रुवारीत गाडी आली की तिचा फोन येतो. आजही आला. कसे आहात नाही, जेवलात का नाही. फोन उचलल्याबरोबर ती एकच वाक्य म्हणते आणि खोखो हसत सुटते. ती घरून बोलत असली तर मागून शालनही हसते. आमच्या घरात दूध उतू गेलं, रिक्षा चुकली, लग्नाला एक दिवस आधी जाऊन पोचलो, काहीही झालं की ते वाक्य म्हटलं जातं. ते वाक्य म्हणजेच गाडीत जे झालं, आणि जे मी मघाशी बाजूला ठेवलं, ते.

गाडीत एक तरुण मुलगी होती, पांढरा कोट, नवीनच असावी. तिने मला खुर्चीवर बसवलं, हेडफोन लावला, हातात बटण दिलं आणि म्हणाली, "काका, आवाज आला की दाबायचं." दार लावलं. तेच जाड दार, तोच स्पंज, तीच दाबलेली शांतता. एकोणीस वर्षं मी असल्याच खोलीत बसून दुसऱ्यांना ठिपके दिले होते. आज फिरवायला मला ठेवलं होतं. छोट्या काचेतून तिचा फक्त खांदा दिसत होता. मी डोळे मिटले. मुठीतलं बटण घामाने निसटत होतं. मनात तिसरं गाणं लावलं. पोरीची बोटं हातावर आली. दोन हलक्या, एक जोरात, एक गाळलेली. दाबलं, दाबलं, दाबलं, सोडलं. जमतंय, वाटलं. खुर्ची वाचली, वाटलं. मग ढोल आले, तसा पायही वाजायला लागला, मान हलायला लागली, पिवळ्या झग्यातली बाई गायला लागली आणि मी जीव तोडून दाबत सुटलो, एकसुद्धा न चुकता, पहिलं कडवं, दुसरं कडवं, आणि कोणीतरी दार उघडून माझ्या डोक्यावरचा हेडफोन उचलला तेव्हा डोळे उघडले. ती मुलगी समोर उभी होती. एका हातात माझा कोरा फॉर्म, दुसऱ्या हातात टोपण न काढलेलं पेन. तिच्या मागे यंत्रावर एक लाल दिवा माझ्या बटणाबरोबर लुकलुकत होता, आणि मी अजूनही दाबतच होतो.

"अहो काका, काय दाबताय काय?" ती ओरडलीच. "मी अजून टेस्ट चालूच केली नाहीये!"